उपराजधानीतला दुसरा राउटर

नागपुरात कोणी घर बांधायला काढलं की प्लॉटच्या तोंडाशी सगळ्यात आधी वास्तुवाला उभा राहतो. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, कर्त्या माणसाची झोपायची खोली नैर्ऋत्येला, अशी आठही दिशांची वाटणी तो करून देतो. बोअर कुठे मारायची, जिना कोणत्या अंगाने चढवायचा, सेप्टिक टँक कुठे गाडायचा, यातलं काहीही तो नशिबावर सोडत नाही. राउटरची दिशा मात्र तो सांगत नाही, कारण ग्रंथांत तिची सोय नाही. ती ठरवतो केबलवाल्याकडून आलेला पोरगा. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं असतं, हातात ड्रिल असतं आणि संध्याकाळच्या आत त्याला आणखी चार घरं उरकायची असतात. खांबावरून आलेली वायर घराला जिथे पहिल्यांदा टेकते तिथे, म्हणजे पुढच्या हॉलच्या खिडकीच्या चौकटीत, तो भोक पाडतो. हातभर अंतरावर जो पॉइंट सापडेल त्याच्याखाली डबा टांगतो. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहितो आणि गाडीला किक मारतो. हा सगळा कार्यक्रम अर्ध्या तासात आटोपतो. पुढची कित्येक वर्षं घरातली माणसं त्या अर्ध्या तासाच्या निर्णयाभोवती आपल्या खुर्च्या, पलंग आणि परीक्षेचे अभ्यास मांडत राहतात.

आता थोडी भूमिती. लेआउटमधला आपल्याकडचा नेहमीचा प्लॉट दीड हजार फुटांचा, ३० बाय ५०. तो पूर्वमुखी किंवा उत्तरमुखी मिळावा म्हणून माणसं चार पैसे जास्त मोजतात. म्हणजे वायर येणार ईशान्येच्या बाजूने, आणि बिल भरणारा माणूस झोपणार नैर्ऋत्येला. ३० बाय ५० च्या आयताचा कर्ण ५८ फुटांचा होतो. मार्जिन सोडून धरलं तरी चाळीसेक फूट उरतातच. वास्तुवाला आणि केबलवाला या दोघांनी एकमेकांना न विचारता इंटरनेट आणि त्याचे पैसे भरणारा यांच्यात, त्या प्लॉटवर शक्य असलेलं जास्तीत जास्त अंतर टाकून दिलेलं असतं. वाटेत दोन-तीन साडेचार इंची भिंती, लग्नात आलेलं लोखंडी कपाट, स्टीलच्या भांड्यांची मांडणी, फ्रिज आणि आरशाचं ड्रेसिंग टेबल. धातू लहरींना आल्या वाटेने परत पाठवतो, विटा त्यांतला चांगला वाटा खाऊन टाकतात, पाण्याची टाकी मध्ये आली तर उरलेलं ती पिते. मग मागच्या खोलीतून हाक येते, “काहून बे, नेट नाही चालून राहिलं का?” हॉलमधून उत्तर जातं, “इकडे तर मस्त चालून राहिलं!” दोन्ही विधानं खरी असल्यामुळे हा वाद मिटत नाही. तो विकोपाला गेला की येणाऱ्या रविवारी घरातलं कोणीतरी बर्डीवरच्या बाजारात जातं आणि दुसरा राउटर घेऊन येतं.

माझं म्हणणं असं की यातले बहुतेक दुसरे राउटर तांत्रिक गरजेपोटी येत नाहीत. पहिला राउटर जागचा हलवण्याची घरात कोणाची छाती नसते, म्हणून दुसरा येतो. आणि ज्या थोड्या घरांना तो खरोखर लागतो, त्यांना त्याच्यासोबत एक तारही लागते. ती टाकायची तयारी नसेल तर दुसऱ्या डब्याने घरात एक दिवा वाढतो, रेंज वाढत नाही. हे विधान नागपुरात करायला मला संकोच वाटायला नको, कारण मध्यावर असण्याचं महत्त्व इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. झिरो माइलचा खांब हा देशाचा मध्यबिंदू असल्याचं तो प्रत्येक पाहुण्याला छातीठोक सांगतो. खरं पाहता तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाणबिंदू, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवण्यासाठी केलेली खूण. पण पाहुणा संत्रा बर्फीत गुंतलेला असल्यामुळे वाद घालत नाही. त्याहून भक्कम पुरावा आकाशवाणीचा आहे. १९८८ साली रात्रीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी एक मेगावॉटचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक नागपूरचा वापरला गेला. घरगुती राउटर साधारण एक दशांश वॉटवर चालतो. म्हणजे तो प्रक्षेपक एक कोटी राउटरांच्या तोलाचा. एवढी ताकद हाताशी असूनही सरकारी खात्याने तो काश्मीरच्या किंवा कन्याकुमारीच्या कोपऱ्यात नेला नाही. रात्री मध्यम लहरी आकाशातून परतून दूरवर जातात आणि मधोमध उभं राहिलं की चारी दिशांना पोचतात, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. ती वाहिनी २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. पण तीस वर्षं ज्या शहराने मधोमध बसून देशाला रात्रभर गाणी ऐकवली, त्याच शहरात राउटर मात्र चपलांच्या रॅकवर, खिडकीच्या कोपऱ्यात. त्याच्या निम्म्या लहरी घराबाहेर जातात आणि रस्त्यावरच्या गुलमोहराला पूर्ण रेंज मिळते.

‘मग हलवा ना पहिला’ असं म्हणणं सोपं आहे. म्हणून पाहावं, आणि घरातून काय काय उत्तरं येतात ती ऐकावीत. तिथेच पॉइंट आहे. वायर तेवढीच आहे. टीव्हीजवळच पाहिजे ना तो. कंपनीवाल्याने लावला म्हणजे काही विचार करूनच लावला असेल. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात केविलवाणं, कारण तो विचार आपण वर पाहिलाच आहे. पॉइंट नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड मिळतो. फायबर आतपर्यंत आणायचं असेल तर तोच पोरगा पुन्हा येऊन दोन-पाचशे रुपयांत आणून देतो. आणि टीव्हीच्या मागे राउटर ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडासमोर धातूची पाटी धरणं. यापलीकडे काही घरांत राउटर काचेच्या शोकेसमध्ये, पितळी गणपती आणि सुनेच्या माहेरच्या ट्रॉफ्यांमध्ये बसवतात, वरून धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल घालतात. गंमत अशी की या एका बाबतीत वास्तुशास्त्राचं आणि भौतिकशास्त्राचं एकमत होऊ शकलं असतं. घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, आणि ते मोकळं ठेवावं असं शास्त्र सांगतं. राउटरलाही नेमकी तीच जागा हवी असते: मध्यावर, उघड्यावर आणि उंचावर. अँटेनाही झोपायच्या खोलीच्या दिशेने रोखायच्या नसतात. काडीसारख्या अँटेनातून लहरी तिच्या अंगाने आडव्या पसरतात आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात. ज्या खोलीवर अँटेना तोफेसारखी रोखली, त्या खोलीची रेंज माणूस स्वतःच्या हाताने कापतो. एका मजल्याच्या घरात ती उभी ठेवावी. वर मजला असेल तर दोनांपैकी एक आडवी करावी. या दुरुस्तीला एक पैसा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आता दुसरा राउटर आलाच आहे असं धरू. बहुतेक वेळा तो रिपीटर असतो, म्हणजे भिंतीतल्या प्लगला खोचायचा छोटा डबा. त्याला बसवतात कुठे? जिथे रेंज येत नाही तिथे, कारण तक्रार तिथून आलेली असते. पण रिपीटरजवळ स्वतःचं इंटरनेट नसतं. पहिल्याकडून जे ऐकू येईल तेच तो मोठ्याने पुन्हा म्हणतो. जिथे ऐकूच येत नाही तिथे बसवल्यावर तो काय म्हणणार? शिवाय साध्या रिपीटरमध्ये ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग जवळजवळ निम्मा होतो. मोबाइलवर मात्र सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, कारण त्या काड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या जवळिकीच्या असतात. रिपीटर आणि मुख्य राउटर यांच्यात काय चाललंय याची खबर त्यांना नसते. पूर्ण काड्या आणि शून्य नेट ही अवस्था विदर्भातल्या माणसाला अपरिचित नसावी. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरलं की सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. महाराष्ट्र राज्याचा तो दुसरा राउटर. डिसेंबर आला की रामगिरी, देवगिरी आणि रविभवनाला रंग लागतो, रस्त्यांवरचे खड्डे बुजतात, मोर्चे निघतात, सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात. अधिवेशन संपलं की फाइल पुन्हा मंत्रालयाच्या वाटेला लागते, कारण निर्णय निघतो तो पहिल्या राउटरवरूनच. २०२० आणि २०२१ साली हे अधिवेशन मुंबईतच झालं, आणि ती दोन वर्षं दुसरा राउटर बंद होता म्हणून इथल्या जोडणीत फार फरक पडला असं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

हिवाळ्याचा मुद्दा इथे उगाच आलेला नाही. घरातला दुसरा राउटरही नागपुरात बहुतेक हिवाळी अधिवेशनापुरताच चालतो. तो बसवलेला असतो वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मुलाच्या अभ्यासासाठी किंवा घरून काम करणाऱ्या सुनेसाठी, थेट स्लॅबखाली. घरगुती राउटरच्या खोक्यात जी पत्रिका येते, आणि जी कोणी उघडत नाही, तिच्यात बहुतेक वेळा कामाचं तापमान ० ते ४० अंश छापलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४५ च्या घरात जातं. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि यंत्र बिघडलं होतं असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. बिघडलेलं ते यंत्र निदान मोजण्यासाठी बनवलेलं होतं. दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्यात दाबलेल्या राउटरची काय कथा? तो गरम होतो, मंदावतो, मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्याच्यावर ‘कंपनीच बेकार आहे’ असा शेरा पडतो. पण त्याची तक्रार करायला तरी वर कोण असतं? होळी झाली की कूलर उतरतात, आणि एप्रिलच्या मध्यापासून अख्खं घर खालच्या हॉलमध्ये, मोठ्या कूलरच्या झोतात गाद्या टाकून एकवटतं. म्हणजे पहिल्या राउटरपासून सात-आठ फुटांवर. अडीच महिने घरात रेंजचा प्रश्नच राहत नाही. त्या काळात वरचा राउटर रिकाम्या खोलीला इमानदारीने इंटरनेट पुरवत असतो. खाली मात्र कूलर स्वतःच एक अडचण होऊन बसतो. लोखंडी पत्र्याची पेटी आणि पोटात साठ-ऐंशी लिटर पाणी, याहून चांगली आडकाठी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी मुद्दाम बनवायची म्हटली तरी जमणार नाही. राउटर कूलरच्या मागच्या खिडकीत राहिला असेल तर हॉलमध्येसुद्धा गाणं अडखळतं, आणि कूलर हलवावा की राउटर, या प्रश्नाचं उत्तर मे महिन्यातल्या नागपुरात विचारण्याची गरज पडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रत्येक घर काही ३० बाय ५० चं एकमजली नसतं. मान्य. महालातल्या किंवा इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फुटी आहेत. भोसल्यांच्या काळात भिंत बांधताना बाहेरचं ऊन आणि बाहेरचा माणूस आत येऊ नये एवढीच अपेक्षा होती, आणि ती भिंत आजही आपलं काम चोख करते. अशा वाड्यात पहिला राउटर कुठेही ठेवला तरी दुसरा लागणार, तिसराही लागेल. तसंच दुमजली-तिमजली घराचं. स्लॅबमध्ये सळईची जाळी असते, आणि वरच्या मजल्यापर्यंत लहरींचा फार थोडा अंश पोचतो. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींचं तर आणखी अवघड. त्या वेगाने धावतात पण भिंत दिसली की त्यांचा जोर संपतो. या घरांना दुसरा राउटर हवा हे कबूल करूनही माझा मुद्दा उभाच राहतो, कारण जी भिंत फोनपर्यंत रेंज जाऊ देत नाही ती रिपीटरपर्यंत तरी का जाऊ देईल? त्या भिंतीच्या पलीकडे जायचा भरवशाचा मार्ग तारेचा. पहिल्या राउटरपासून दुसऱ्यापर्यंत साधी नेटवर्कची केबल टाकली की ती शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता नेते. नागपुरात शंभर मीटर लांबीचं घर राजभवन सोडलं तर क्वचितच सापडेल. उपराजधानीलाही अखेर हेच करावं लागलं. दुसरा राउटर १९५३ च्या कराराने मिळाला, पण मुंबईपर्यंतची जाड केबल, म्हणजे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, पूर्ण व्हायला जून २०२५ उजाडलं. घरात वीस मीटर वायर टाकायला तेवढा वेळ लागण्याचं कारण नाही, पण लागतो.

तो लागतो कारण दुसरा आक्षेप: वायर दिसते. एवढं पीओपी केलं, रंग दिला, आणि आता भिंतीवरून वायर? हा आक्षेप मी गांभीर्याने घ्यायला तयार आहे, पण तो ज्या घरातून येतो त्या घराकडे एकदा पाहावं. तिथे जुन्या केबल टीव्हीची काळी वायर अजून लोंबकळते आहे, डिशची पांढरी वायर गच्चीवरून उतरली आहे, इन्व्हर्टरची जाड वायर जिन्याखालून निघाली आहे, आणि मार्चपासून जूनपर्यंत कूलरमध्ये पाणी भरायचा हिरवा पाइप मोरीपासून हॉलपर्यंत सगळं घर ओलांडून पडलेला असतो. त्या पाइपला अडखळून माणसं पडली आहेत, पण घराच्या शोभेला तो बाधतो असं कोणी म्हटलेलं नाही. पेन्सिलीहून बारीक निळ्या वायरनेच तेवढी अब्रू जाते. भिंतीला लावायची प्लॅस्टिकची केसिंग पट्टी कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, आणि वीस मीटर केबल आणि पट्टी यांचा खर्च रिपीटरच्या किमतीहून कमी येतो. घर बांधतानाच एक रिकामा पाइप भिंतीतून वर नेऊन ठेवला तर तेवढाही प्रश्न उरत नाही. पण आपल्याकडे पुढच्या पिढीसाठी स्लॅबवर सळया उभ्या सोडतात. पाइप सोडत नाहीत.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे. ‘आता मेश आलंय, तार कशाला?’ मेश म्हणजे दोन-तीन सारखे डबे, एकमेकांशी बोलून काम वाटून घेणारे, आणि दिसायलाही देखणे. ते चांगले असतात यात शंका नाही. महागातल्या संचांत डब्याडब्यांतल्या बोलण्यासाठी वेगळा रेडिओ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे वेग निम्मा होण्याचं दुखणं टळतं. पण भिंत मेशसाठी पातळ होत नाही. दुसरा डबा पहिल्याच्या चांगल्या रेंजमध्ये, म्हणजे मधल्या वाटेवरच ठेवावा लागतो, आणि वाड्यात तोही तारेनेच जोडायचा सल्ला बनवणारे स्वतः देतात. दहा हजारांचा मेश आणून तो पुन्हा चपलांच्या रॅकवर आणि मागच्या खोलीतल्या कपाटावर ठेवणाऱ्याने दहा हजार रुपये जागा न बदलण्यासाठी मोजलेले असतात. किरणोत्सर्गाची भीती हाही एक आक्षेप घरातली वडील मंडळी घेतात. ज्या माणसाच्या खिशात दिवसभर मोबाइल असतो त्याने एक दशांश वॉटच्या डब्याला घाबरू नये, एवढं सांगून पुढे जाता येईल.

तार टाकल्यावरही एक काम उरतं, आणि बहुतेक घरं तिथे अडकतात. जुन्या कंपनीचा राउटर ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच; तोच दुसरा म्हणून चालतो, पण आधी त्याचा अधिकार काढून घ्यावा लागतो. प्रत्येक राउटरची अशी समजूत असते की घरातल्या सगळ्या यंत्रांना पत्ते वाटून द्यायचं काम आपलंच. दोन राउटर दोन हातांनी पत्ते वाटू लागले की एकच पत्ता दोघांना जातो आणि दोघांचंही नेट बंद पडतं. एकाच गावात महानगरपालिका आणि सुधार प्रन्यास अशी दोन कार्यालयं वर्षानुवर्षं पाहिलेल्या नागपूरकराला हे फोड करून सांगायला नको. म्हणून दुसऱ्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करायचं, त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यायचा), आणि केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये न खोचता बाजूच्या चारांपैकी एकात खोचायची. हे करायला घराण्यातला इंजिनीअर लागतो. तो घराण्यात असतोच, पण हिंजवडीला असतो, आणि फोनवर म्हणतो, ‘स्क्रीनशॉट पाठवा.’ स्क्रीनशॉट पाठवायला नेट लागतं.

मग नावाचा प्रश्न. दुसऱ्या राउटरला पहिल्याचंच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा, की स्वतंत्र? वरच्या मजल्याची भावना स्वतंत्रतेच्या बाजूने असते. आपलं नाव, आपला पासवर्ड, खालच्यांनी रात्री दहाला बटण बंद केलं तरी आपलं चालू. ही मागणी नागपुरात जुनी आहे आणि तिच्या बाजूने बोलणारे अजूनही सापडतात. पण खालून आलेल्या तारेवरच वरचा डबा चालत असेल तर खालचं बटण बंद झाल्यावर वरचं नाव तेवढं चालू राहतं. तांत्रिक सल्ला संयुक्ततेच्या बाजूने आहे: नाव एक, पासवर्ड एक, फक्त चॅनेल वेगवेगळे, म्हणजे माणूस जिना चढताना फोन आपोआप जवळच्या राउटरकडे जातो. जायला हवा, असं म्हणणं जास्त बरोबर. कोणता राउटर धरायचा हे फोन ठरवतो, आणि काही फोन फार निष्ठावान असतात. दुसऱ्या राउटरच्या शेजारी बसूनही खालच्या पहिल्याची एक काडी सोडत नाहीत. अशा वेळी फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करावं.

या सगळ्यात शेजाऱ्याचा विचार कोणी करत नाही, आणि मनीष नगर-बेसाकडच्या फ्लॅट स्कीममध्ये तो करायलाच हवा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवानामुक्त आहे. पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. परवाना लागत नाही याचा अर्थ आपल्याकडे नेहमी जो घेतला जातो तोच इथेही घेतला गेला. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोळा फ्लॅटच्या इमारतीत सोळा राउटर त्या तीन चॅनेलांत बसतात. एकाने दुसरा राउटर घेतला की गोंगाट वाढतो, शेजाऱ्याचं नेट मंदावतं, त्याला वाटतं आपल्या घरात रेंज कमी आहे, आणि तोही बर्डीवर जातो. असं करत इमारतीत बत्तीस राउटर होतात आणि सोसायटीच्या सभेत सगळ्यांचं एकमत होतं की कंपनीने स्पीड कमी केला आहे. खरं तर फ्लॅटमध्ये, जिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-पस्तीस फूट होतात, पहिला राउटर पॅसेजमध्ये आणून पाच गिगाहर्ट्झवर चालवला की दुसऱ्याचं कारणच राहत नाही. भिंत ओलांडताना पाच गिगाहर्ट्झचा जोर कमी होतो हे वर आलंच आहे. फ्लॅटमध्ये तो दोष गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचा गोंगाटही भिंतीपलीकडेच राहतो.

तेव्हा बर्डीवर जायच्या आधी पहिला राउटर रॅकवरून काढा, घराच्या मध्यावर भिंतीला डोक्याच्या वर लावा, रुमाल बाजूला करा आणि आठवडाभर मागच्या खोलीत बसून पाहा. ज्याच्या घरात हे करूनही नेट पोचलं नाही, त्याने दुसरा राउटर खुशाल घ्यावा आणि सोबत केबलही घ्यावी. फक्त हे काम होळीच्या आधी उरका. नंतर गावातला एकही इलेक्ट्रिशियन मोकळा सापडत नाही. सगळे कूलरच्या मोटारी बसवायला गेलेले असतात.